पोळीमागचा गुंठा

हुरड्याचे दिवस आले की पुण्यातल्या शाळांच्या बसगाड्या सासवड, मुळशी, जुन्नरच्या वाटेला लागतात. मुलांना फेटे बांधले जातात, बैलगाडीतून शिवाराची एक फेरी होते, चुलीवरचं पिठलं-भाकरी होतं, विहिरीत डोकावून होतं आणि शेवटी गटफोटो. दिवस मजेत जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण परतीच्या वाटेवर बसमधल्या कुणालाही विचारावं की तुझ्या डब्यातल्या पोळीचा गहू पेरल्यापासून किती दिवसांनी कापतात, तर उत्तर येत नाही. गहू त्या दिवसभरात कुणी दाखवलेलाच नसतो. गंमत अशी की ज्याच्या शेतात ही बैलगाडी फिरते, त्या शेतकऱ्याची स्वतःची मशागत रोटाव्हेटरने होते, भाजीची रोपं रोपवाटिकेतून ट्रेमध्ये येतात, पाणी ठिबकवर असतं आणि मोटार मोबाइलवरून चालू होते. बैल पाहुण्यांसाठी राखलेले असतात.

याच्या उलट टोकाला काही शाळांच्या गच्चीवर पांढऱ्या पाइपांचा मनोरा उभा असतो. त्यात मातीशिवाय, खताच्या द्रावणावर लेट्यूस लावलेलं असतं आणि शेजारच्या फलकावर ‘आधुनिक शेती’ असं लिहिलेलं असतं. आजोबांच्या काळातली शेती आणि जाहिरातीतली शेती, या दोहोंच्या मध्ये जी खरी शेती आज पुणे शहराला जेवू घालते, ती मुलांना दिसतच नाही. ती दाखवायची तर आधी वजनकाटा, मोजपट्टी आणि कॅलेंडर लागतं. बस नंतर.

सुरुवात शाळेच्या मैदानावर करावी. खो-खोचं मैदान ज्या फक्कीने आखतात तीच घ्यायची, 33 फुटांची दोरी घ्यायची आणि चौकोन आखायचा. कर्ण 46 फूट 8 इंच भरला तर कोपरे काटकोनात आले असं समजायचं. सातवीतला पायथागोरस इथे पहिल्यांदा कामाला येतो. हा झाला एक गुंठा, 1089 चौरस फूट, म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. असे 40 गुंठे मिळून एक एकर. सातबारा, वाटणी, जमिनीचे भाव, गावाकडची भांडणं, सगळं या चौकोनात मोजलं जातं आणि शहरातल्या मुलाने तो कधी चालून पाहिलेला नसतो.

मग त्या चौकोनात उभं राहून हिशेब करायचा. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाचं एकरी 16 क्विंटल हे आपल्याकडे बरं पीक. म्हणजे गुंठ्याला 40 किलो, चौरस मीटरला सुमारे 400 ग्रॅम. एका पोळीला 30 ग्रॅम कणीक धरली तर एका चौरस मीटरमध्ये तेरा पोळ्या. रोज चार पोळ्या खाणाऱ्या मुलाला वर्षाला सुमारे 44 किलो गहू लागतो, म्हणजे आखलेल्या चौकोनाहून थोडी जास्तच जमीन. ही फक्त पोळी झाली, डाळ, भात, तेल, साखर, दूध अजून बाकी आहे. पाण्याचंही तसंच. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, एकेका पाळीला सहा-सात सेंटिमीटर. सगळं मिळून चौरस मीटरला 400 लिटरच्या आसपास. 400 ग्रॅमला 400 लिटर, म्हणजे पोळीला 30 लिटर, दीड-दोन बादल्या. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हा वाद वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात येतो. या हिशेबानंतर तो मुलांना वेगळा वाचता येतो.

आता प्रत्यक्ष पीक. शाळेतल्या बागेत बहुतेक ठिकाणी मेथी, पालक, कोथिंबीर लावतात, कारण मेथी महिन्याच्या आत हाती येते. त्यात गैर काही नाही. पण एक धान्य पेरलंच पाहिजे असं माझं मत आहे आणि पुण्यातल्या शाळेच्या वेळापत्रकात बसणारं धान्य गहूच. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा भाताचे दिवस असतात, पण मुळशी-मावळसारखं चिखलणीचं शेत शाळेत करता येत नाही. गहू मात्र दिवाळीच्या सुमारास पेरायचा आणि मार्चच्या मध्यावर, परीक्षांच्या तोंडावर कापायचा, 110 ते 120 दिवसांचा सौदा. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी. सुट्टी, स्नेहसंमेलन, मग पेरणी असा क्रम लावला तर डिसेंबर उजाडतो आणि मग फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की दाणा भरायच्या आधीच ओंबी वाळते. वजनात ते लगेच दिसतं.

बियाणं दुकानातून आणलेल्या खाण्याच्या गव्हाचं नको. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा ‘फुले समाधान’ किंवा आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस 6222’ यांपैकी एक घ्यावा. ही दुसरी संस्था इथेच, आगरकर रस्त्यावर आहे, तिचं शेत बारामती तालुक्यात होळला. ज्या रस्त्याने मुलांची रिक्षा रोज जाते त्या रस्त्यावरच्या इमारतीत गव्हाचा वाण तयार होतो, हे कळल्यावर ‘संशोधन’ हा धडा जरा वेगळा वाटू लागतो.

एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन करायचे, चार-पाच मुलांना एक. बियाणं हेक्टरी 100 किलो लागतं, म्हणजे चौकोनाला 10 ग्रॅम. हे 10 ग्रॅम मोजून घेतले की साधारण अडीचशे दाणे निघतात. 20 सेंटिमीटर अंतरावर पाच ओळी काढायच्या, ओळीला दोन ग्रॅम, खोली पाच सेंटिमीटर. पेन्सिलीवर पाच सेंटिमीटरची खूण करून ती भोक पाडायला वापरली तर खोली सारखी राहते. मोकळं सोडलं तर मुलं दाणे एक तर बोटभर खाली गाडतात किंवा वर भुरभुरतात. खोल गेलेला कोंब वर येत नाही आणि वरचा दाणा चिमण्या सकाळच्या प्रार्थनेच्या आत वेचतात.

खताचा प्रयोग याच चौकोनांवर करावा. शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, 60 स्फुरद, 40 पालाश अशी आहे. चौरस मीटरला उतरवली तर 26 ग्रॅम युरिया, 37 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 7 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. युरिया निम्मा पेरताना, निम्मा तीन आठवड्यांनी, बाकी दोन्ही पेरतानाच. काही चौकोनांना हे, काहींना फक्त दोन किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक-दोन चौकोन काहीच न देता तसेच. मुलांच्या हातात काटा द्यावा आणि दोन्ही ढीग शेजारी ठेवावेत. शेणखत एकराला मांडलं की 8 टन होतं, युरियाची सव्वादोन पोती होतात. गोठ्यात जनावरं उरलेली नाहीत अशा घरातला शेतकरी पोत्याकडे का वळतो, ते या दोन ढिगांकडे बघून समजतं. ‘रासायनिक म्हणजे विष’ आणि ‘सेंद्रिय म्हणजे अडाणीपणा’ ही दोन्ही वाक्यं वर्गात फार लवकर म्हटली जातात. मार्चमध्ये ओंब्यांचं वजन झाल्यावर म्हणावीत, हवी तर. आणि एखाद्या गटाने लपूनछपून जास्तीचा युरिया टाकलेला असतोच. तो चौकोन सगळ्यात हिरवागार दिसतो, कौतुक होतं आणि जानेवारीतल्या एखाद्या वाऱ्याला तोच आधी लोळतो.

पाण्याच्या वेळा गव्हाने ठरवलेल्या आहेत, घंटेने नाही. पहिलं महत्त्वाचं पाणी 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना. मग 40-45 दिवसांनी कांडी धरताना, 60-65 ला फुलोऱ्यात, 80-85 ला दाणा चिकात असताना. यातलं एकच पाणी देता येणार असेल तर एकविसाव्या दिवसाचं चुकवू नये. शाळेत अडचण पाणी कमी पडण्याची नसते. रोज पाणी घालायची मुलांना हौस असते, मुळं वरच राहतात, पानं पिवळी पडतात. माती फूटभर खोल असेल तर पाळीला चौरस मीटरमागे चार बादल्या झारीने, सावकाश. पण पुण्यातल्या शाळेच्या आवारात मातीच्या नावाखाली बहुधा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा निघतो. तिथे फूटभर उकरून, विटांचे तुकडे वेचून, बाहेरची पोयटा माती भरावी लागते. तरीही थर जेमतेम सहा-सात इंचांचा झाला तर निम्मं पाणी दुप्पट वेळा द्यायचं. मातीत चुनखडी आहे का ते बघायला चमचाभर मातीवर लिंबू पिळावं. बुडबुडे फसफसले तर चुना आहे आणि मग नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर त्याला रोग समजून औषध मारू नये. तो केवडा, चुन्यामुळे लोह मिळत नाही म्हणून पडतो.

जागेला निदान सहा तास ऊन हवं. नोव्हेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि तीन मजली इमारतीची सावली उत्तरेला लांबवर जाते. जूनमध्ये उन्हात असलेली जागा डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत असू शकते. ही चूक इतकी सर्रास होते की जागा ठरवण्याआधी दुपारी दोनची सावली कंपासपेटीतल्या कोनमापकाने काढून पाहावी, असं भूगोलाच्या बाईंना सुचवायला हरकत नाही. ओंब्या दुधात आल्या की जाळी हवीच, नाहीतर मुनिया आणि पोपट आठवड्यात हिशेब मिटवतात. शेंड्याला मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसतो, पानांवर तांबेऱ्याचे ठिपके येऊ शकतात. बोटावर नारिंगी भुकटी लागली की तांबेरा. शाळेत फवारणी करूच नये. नुकसान होऊ द्यावं, वहीत लिहावं. पोत्यात घालून झोडपायचं, वाऱ्यावर उफणायचं, सुपाने पाखडायचं, ही कामं बरोबर करणारी आजी किंवा मावशी शाळेच्या आसपास सापडतेच. चौकोनाला सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम उतरले तरी उत्तम म्हणायचं. गिरणीवाला पाव किलो दळून देत नाही, त्यामुळे दहा चौकोनांचा गहू एकत्र करूनच नेता येतो. नेण्याआधी प्रत्येक चौकोनाचं वजन मात्र वेगळं लिहिलेलं असावं.

ठिबकाबद्दल जरा सविस्तर, कारण आधुनिक शेतीतली सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने दाखवली जाणारी गोष्ट ही. विज्ञान प्रदर्शनात स्टुलावर बादली ठेवून खाली नळी सोडतात आणि थेंब पडत नाहीत म्हणून सगळे गोंधळतात. कारण दाबाचं आहे. ड्रिपर, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या, साधारण एक किलो दाबाला बनवलेले असतात आणि एक किलो दाबाला पाण्याचा 10 मीटर उंच स्तंभ लागतो. एक मीटर उंचीच्या स्टुलावरून दहावा हिस्सा दाब मिळतो. ताशी 2 लिटरचा साधा ड्रिपर तिथे पाऊण लिटरही देत नाही आणि दाब-नियंत्रित प्रकारचा तर धडपणे चालतच नाही. पण तीन मजली शाळेच्या गच्चीवरची टाकी जवळजवळ 10 मीटरवर असते. तिथून थेट जोडणी घ्यावी: टाकीचा कॉक, मग जाळीचा फिल्टर, मग मुख्य नळी आणि तिच्यातून 16 मिलिमीटरच्या उपनळ्या. उपनळीच्या टोकाला घट्ट गाठ मारू नये, उघडता येणारं टोपण ठेवावं. आठवड्यातून एकदा ते उघडून आतला गाळ वाहू द्यायचा असतो.

परीक्षा सहा मिनिटांची. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, म्हणून 2 लिटरच्या ड्रिपरखाली 200 मिलिलिटर पाणी जमलं पाहिजे. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पेले ठेवायचे. सगळीकडेच पाणी कमी असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा दाब कमी आहे. शेवटच्या ड्रिपरलाच कमी असेल तर नळी लांब झाली आहे किंवा शेवटी गाळ साचला आहे. मधल्याच एखाद्यात 180 पेक्षा कमी भरलं तर तो ड्रिपर चोंदला आहे. तोंडाशी पांढरा थर दिसला तर बोअरच्या पाण्यातले क्षार. ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये भिजवला की साफ होतो. शेतकरी हेच काम सगळ्या नळ्यांत आम्ल सोडून करतो, पण ते मुलांच्या हाताचं काम नाही. हिरवा बुळबुळीत थर असेल तर टाकीत ऊन पोचतंय, झाकण लावा. ही तपासणी आठवीतली मुलगी तासाभरात शिकते आणि मग कुठल्याही शेतावर गेल्यावर तिची नजर आपोआप नळीच्या टोकाकडे जाते.

रोपवाटिकेचा ट्रे त्याहून सोपा. 98 खाचांचा ट्रे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खाचेत एक बी. टोमॅटो लावला तर ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकतात, चार-पाच दिवसांनी कोंब दिसू लागले की उघडून पसरतात. इथे शाळेचा रविवार आडवा येतो. एक दिवस उशीर झाला तरी अंधारात रोपं पांढरी, सुतासारखी लांब होतात आणि मग ती सावरत नाहीत. म्हणून बी बुधवारी किंवा गुरुवारी लावावं, सोमवारी पहिल्या तासाला उघडावं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास रोप मुळांच्या गाठोड्यासकट अलगद वर येतं, तेव्हा गावोगावचे शेतकरी स्वतः रोपं करायचं सोडून नर्सरीकडे का जातात ते वेगळं सांगावं लागत नाही.

पांढऱ्या पाइपांच्या मनोऱ्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, पण तो आधीच विकत घेतला असेल तर त्याच्याकडूनही काम करून घेता येतं. द्रावणाचा सामू (पीएच) 5.5 ते 6.5 आणि विद्युतवाहकता 1.2 ते 1.8 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या दरम्यान रोज तपासून लिहायची. पंप दोन-तीन तास बंद पडला की पातळ प्रवाहातली मुळं सुकतात. मार्चनंतर पुण्याच्या गच्चीवर द्रावण 28 अंशांच्या वर जातं, त्यातला प्राणवायू घटतो, मुळं तपकिरी होऊन कुजतात. हे सगळं शिकण्यासारखं आहे. फक्त एक प्रश्न फलकावर लिहून ठेवावा: तुमच्या डब्यातल्या कोणत्या पदार्थाचं पीक या मनोऱ्यात येईल? गहू, तूर, तेल, साखर, बटाटा, कांदा यांतलं काहीच तिथून येत नाही.

कांदा. शाळेत करता येणारा सर्वांत स्वस्त आणि लांबलचक प्रयोग त्याचा आहे. कांदा तीन हंगामांत येतो: खरीप, रांगडा (उशिरा खरीप) आणि रब्बी. टिकतो फक्त रब्बीचा, एप्रिल-मेमध्ये निघालेला. पावसाळ्यात आपण खातो तो कांदाचाळीत साठवलेला. जूनमध्ये शाळा उघडली की 10 किलो हा रब्बीचा, म्हणजे उन्हाळी, कांदा घ्यावा, पाच किलो जाळीदार क्रेटमध्ये आणि पाच किलो प्लॅस्टिकच्या पिशवीत. दर सोमवारी वजन, सडलेले वेगळे, कोंब आलेले वेगळे. पिशवीतले आधी जातात. जाड मानेचे आधी कोंब धरतात. काढणीनंतर कांदा शेतातच तीन-चार दिवस पातीखाली सुकवतात आणि पात कापताना तीन-चार सेंटिमीटर मान ठेवतात, कारण उघड्या मानेतून बुरशी शिरते. कांदाचाळ जमिनीपासून उचललेली आणि पाख्यांची रुंदी जेमतेम चार फूट, थर पाच फुटांपर्यंत, हेही त्याचसाठी: मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचला पाहिजे. राजगुरुनगरला कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन संचालनालय आहे, पुण्यापासून दीड तासावर. ऑक्टोबरपर्यंत वह्यांत जमलेले आकडे घेऊन तिथे गेलेली मुलं तिथल्या शास्त्रज्ञांना सहलीतल्या मुलांपेक्षा निराळे प्रश्न विचारतात.

दुधाबाबत एकच गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण ती मोठ्या माणसांनाही अनेकदा ठाऊक नसते. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. नऊ महिने गाभण, व्यायल्यावर साधारण दहा महिने दूध, पुढच्या वेताआधी दोन महिने आटवायचं. मग झालेलं वासरू गोऱ्हा असेल तर त्याचं पुढे काय, हा प्रश्न मुलं विचारणारच आणि तो टाळू नये. बाकीचं गोठ्यावर बघावं: संकरित गाईला दिवसाला 20-25 किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो वाळला, शिवाय शरीरपोषणाला किलोभर आणि दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम पशुखाद्य. डेअरीत दुधाचा भाव लिटरवर ठरत नाही, फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरणाऱ्या घन पदार्थांवर) ठरतो, गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5 टक्के हा पाया धरून.

मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, मात्र शाळेत करून बघावा. मका चिकात असताना, पेरणीनंतर 80-90 दिवसांनी, कणसासकट कापून एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून आणायची. मुठीत घट्ट दाबून मूठ उघडली की गोळा हळूहळू सुटला पाहिजे, तळवा ओलसर, पण पाणी ठिबकायला नको. पाणी सुटलं तर चारा फार कोवळा, मुरताना सडका वास येणार. गोळा झालाच नाही तर फार वाळलेला, बुरशी धरणार. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत थराथराने दाबून, हवा पूर्ण काढून तोंड बांधायचं, वर दुसरी पिशवी. काचेची बरणी नको, पहिल्या आठवड्यात वायू होतो आणि बरणी फुटू शकते. पिशवी फुगली म्हणून कुणी कुतूहलाने उघडली तर प्रयोग संपला. 45 दिवसांनी मोकळ्या हवेत उघडायची. रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस, लिटमससारख्या सामू-पट्टीवर चारच्या आसपास. काळं किंवा पांढरी बुरशी दिसली ती जागा शोधावी, पिशवीला तिथे बारीक भोक असतंच.

एवढं झाल्यावर शेतावर जायला हरकत नाही. नारायणगावकडचा टोमॅटो, तळेगावची हरितगृहं, पुरंदरचा अंजीर, काहीही चालेल. फक्त सकाळी सातला तिथे पोचावं. तोडणी, धारा, फवारणी सगळं सकाळी होतं. अकरा वाजता पोचलेल्या बसला काका झाडाखाली बसलेले दिसतात आणि मुलांना वाटतं शेती म्हणजे निवांतपणा. एका गटात पंचवीसच्या वर मुलं नकोत. आदल्या दिवशी फवारणी झाली आहे का ते आधी फोन करून विचारावं आणि झाली असेल तर त्या प्लॉटमध्ये जाऊ नये. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे लेबलच्या छायाचित्रावरून शिकवावं, रिकामा डबा शाळेत कधीही आणू नये. ड्रोन आला असेल तर बघावा. 10 लिटरच्या टाकीत एकर दहा मिनिटांच्या आत उरकतो. पाठीवरच्या पंपाला त्याच एकराला 200 लिटरच्या आसपास पाणी वाहावं लागतं. त्या शेतकऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. आणि वीज कधी येते ते जरूर विचारावं, कारण अनेक गावांत थ्री-फेज अजूनही पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री.

शेवटचा टप्पा गुलटेकडीचा. मार्केट यार्डात रविवारी आवक सर्वांत मोठी असते, पण मुलांना हमालांच्या वाटेत उभं करण्यापेक्षा सोमवारच्या वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं कोष्टक वर्गात आणलं तरी पुरे. फळभाज्यांचे भाव 10 किलोचे, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. त्याच बातमीत आवक कुठून झाली तेही असतं: आग्रा-इंदूरहून बटाटा, मध्य प्रदेशातून लसूण, कर्नाटक-गुजरातेतून हिरवी मिरची, दक्षिणेतून शेवगा, साताऱ्याकडून आलं, पुरंदर-पारनेरचा मटार. नकाशावर दोरे लावायला उत्तम.

आणि एखाद्या शेतकऱ्याकडून त्याची जुनी पट्टी (बाजारातल्या विक्रीच्या हिशेबाची पावती) मागून घ्यावी, नाव झाकून. 2016 पासून फळं-भाज्यांची अडत (अडत्याचं कमिशन) खरेदीदाराकडून घ्यायची आहे, शेतकऱ्याच्या पट्टीतून नाही. हमाली, तोलाई, मोटारभाडं मात्र आहेच. आकडे सोपे करून उदाहरण असं मांडता येतं: 20 किलोचे 50 क्रेट टोमॅटो, म्हणजे 1000 किलो. समजा तोडणीला क्रेटमागे 30 रुपये, भाड्याला 30, हमाली-तोलाईला 10, एकूण 3500. भाव 10 किलोला 100 रुपये मिळाला तर हातात 6500. भाव 40 झाला तर 500. भाव 30 झाला तर 500 रुपये खिशातून. बियाणं, ट्रेमधली रोपं, मल्चिंग, बांबू, तार, औषधं यात धरलेलीच नाहीत. मग वर्गाला विचारायचं: तीन दिवसांनी पुढचा तोडा आहे, माणसं लावायची का? ‘नका लावू’ हे उत्तर पटकन येतं. पण न तोडलेली फळं झाडावर पिकून गळतात, त्यात अळी वाढते, झाड नवी फळं धरायचं कमी करतं आणि भाव पुढच्या आठवड्यात चढला तर विकायला माल नसतो. उत्तर काहीही द्यावं, पण ते फळ्यावर आकडे मांडून द्यावं.